भास्कराचार्य कोण होते? ६१ चं कोडं, चक्रवाल पद्धत आणि फोनमधलं कुलूप

आज एका माणसाची गोष्ट सांगतो, पण त्याआधी फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा.

असा एक पूर्णांक शोधा की त्याचा वर्ग करून ६१ ने गुणला आणि त्यात १ मिळवला, तर येणारी संख्यासुद्धा कुणाचा तरी पूर्ण वर्ग असेल. शून्य चालणार नाही. १ घेतला तर ६२ येतात, म्हणजे जमलं नाही. २ घेतला तर २४५, ३ घेतला तर ५५०, ४ घेतला तर ९७७. यातला एकही पूर्ण वर्ग नाही. असंच पुढे जात राहिलात तर पहिलं उत्तर मिळेल २२,६१,५३,९८० वर. बावीस कोटींच्या पुढे! आणि तेव्हा दुसरी संख्या असते १,७६,६३,१९,०४९ हिचा वर्ग.

हे उत्तर बाराव्या शतकातल्या एका संस्कृत ग्रंथात आहे. तेव्हा कॅल्क्युलेटर नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. ग्रंथाचं नाव बीजगणित आणि लेखक भास्कराचार्य. ते इतकं मोठं उत्तर कसं शोधू शकले हे समजलं, की अल्गोरिदम म्हणजे नेमकं काय तेही समजतं.

जन्म, घर आणि गाव

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इसवी सन १११४ चा. जुन्या काळच्या अनेक विद्वानांची जन्मसालं आपल्याला अंदाजाने काढावी लागतात. यांच्या बाबतीत ती भानगड नाही, कारण जन्मवर्ष आणि ग्रंथ लिहिला तेव्हाचं वय त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवलंय.

वडिलांचं नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. घराण्यात ज्योतिष आणि गणित पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचं ते सांगतात आणि गावाचं नाव विज्जडविड असं देतात. हे गाव आज कुठलं, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. काही जण कर्नाटकातलं विजापूर म्हणतात, तर काही जण जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळचा पाटणचा परिसर सांगतात. पाटणच्या बाजूने एक मोठा पुरावा आहे, त्याकडे पुढे येतो.

मी जुन्नर तालुक्यातल्या येडगावचा. आमच्याच तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या काळचा शिलालेख आहे आणि त्यात दानात दिलेल्या गायींचे, नाण्यांचे आकडे कोरलेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी ते अंक. पण तिथे दहासाठी वेगळी खूण, शंभरासाठी वेगळी, हजारासाठी वेगळी. शून्य नाही. त्या पद्धतीत १,७६,६३,१९,०४९ लिहायला घेतले तर पुरेवाट होईल. भास्कराचार्यांपर्यंत येता येता शून्य आणि स्थानिक किंमत दोन्ही पक्की झाली होती. मोठे आकडे लिहिणं सोपं झालं, म्हणून त्यांच्याशी खेळणंही शक्य झालं.

छत्तिसाव्या वर्षी चार ग्रंथ

११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती. बीजगणितात अज्ञात संख्या आणि समीकरणं. उरलेल्या दोन भागांत ग्रह-ताऱ्यांचं गणित.

लीलावतीत मधमाश्या, हंसांचे थवे, मोर आणि साप अशी उदाहरणं आहेत. मोर खांबावर बसलाय, खाली बिळाकडे साप येतोय, मोराने झडप घातली तर दोघं कुठे भेटतील? हा पायथागोरसच्या नियमाचाच प्रश्न, पण वाचणाऱ्याला चित्र दिसतं. आजच्या एखाद्या चांगल्या कोचिंग ॲपने हीच युक्ती वापरली असती.

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. भास्कराचार्यांचं सगळ्यात भारी काम अशा समीकरणांवर आहे, ज्यांची उत्तरं पूर्णांकातच हवी असतात.

पूर्णांकच का? नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला जाऊन या. क्रेट पाच भरतील किंवा सहा भरतील, पण गाडीत साडेपाच क्रेट चढवून हिशोब जुळवता येत नाही. ग्रहांचंही तसंच. एखाद्या ग्रहाच्या पूर्ण फेऱ्या किती झाल्या, हे पूर्णांकातच मोजावं लागतं. अपूर्णांक चालत असेल तर असली समीकरणं चुटकीसरशी सुटतात. पूर्णांकाची अट घातली की तेच समीकरण घाम काढतं. अशा समीकरणांना आज डायोफँटाइन समीकरणं म्हणतात.

चक्रवाल: अंदाज घ्या, दुरुस्त करा, पुन्हा फिरा

६१ च्या प्रश्नाकडे परत जाऊ. एकेक आकडा तपासत बसण्याऐवजी भास्कराचार्य काय करतात, बघा.

पहिली पायरी: उत्तराच्या जवळचं काहीतरी पकडा. ८ चा वर्ग ६४. ६१ गुणिले १ चा वर्ग म्हणजे ६१. फरक ३. आपल्याला फरक १ हवाय. जमलं नाही, पण लांबही नाही.

दुसरी पायरी: आता एक मदतनीस संख्या निवडायची. ती ८ मध्ये मिळवली तर बेरजेला ३ ने पूर्ण भाग जायला हवा आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ हवा. ७ घेतला तर ८ + ७ = १५, भाग जातो. ७ चा वर्ग ४९, तो ६१ पासून १२ ने लांब. पुढची चालणारी संख्या १०, पण तिचा वर्ग १००, म्हणजे आणखी लांब. म्हणून ७ ठरला.

तिसरी पायरी: नवी जोडी काढा. छोटी संख्या १५ भागिले ३, म्हणजे ५. मोठी संख्या ८ गुणिले ७ अधिक ६१, म्हणजे ११७. भागिले ३, म्हणजे ३९. आता तपासू. ३९ चा वर्ग १५२१. ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५. फरक उणे ४.

हीच कृती पुन्हा पुन्हा फिरवत गेलं की फरक कधीतरी १ वर येतो. म्हणूनच हिचं नाव चक्रवाल, चाकासारखी फिरणारी. शिवाय फरक ४ किंवा उणे ४ आला की सगळं चक्र फिरवायचीही गरज नाही. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली दिलेला एक शॉर्टकट तिथून थेट उत्तरावर नेतो. म्हणजे ३९ आणि ५ या साध्या जोडीवरून थोडे गुणाकार केले की बावीस कोटींच्या उत्तराला पोचता येतं.

हे सगळं भास्कराचार्यांनी एकट्याने शून्यातून उभं केलं असं मात्र नाही. दोन उत्तरं जोडून तिसरं उत्तर काढायची युक्ती, जिला भावना म्हणतात, ती ब्रह्मगुप्तांची. चक्रवालाची मूळ कल्पना जयदेव नावाच्या आधीच्या गणितज्ञाकडेही सापडते. भास्कराचार्यांनी ती पक्की केली, नीट मांडली आणि ६१ व ६७ सारख्या अवघड उदाहरणांवर चालवून दाखवली.

फोनला हे जमेल का?

जमेल, पण जरा थांबा. समजा तुमचा फोन एका सेकंदात एक कोटी आकडे तपासतो. ६१ चं उत्तर एकेक आकडा तपासून साधारण २३ सेकंदांत मिळेल. वाटेल, मग चक्रवाल कशाला हवी?

आता ६१ च्या जागी १०९ घ्या. पहिलं उत्तर १,५१,४०,४२,४४,५५,१०० वर आहे, म्हणजे सुमारे १५ लाख कोटी. त्याच वेगाने तोच फोन साडेसतरा दिवस अखंड चालेल. चक्रवालीने हेच काम वहीच्या पानांवर होतं.

असं का होतं? सोपं उदाहरण घेऊ. ६१ च्या जागी २ ठेवा. पहिली जोडी ३ आणि २, कारण ९ = ८ + १. पुढची १७ आणि १२, कारण २८९ = २८८ + १. मग ९९ आणि ७०. मग ५७७ आणि ४०८. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा जवळजवळ पावणेसहा पट मोठं. दहावं उत्तर दोन कोटींच्या पुढे जातं. ही घातांकी वाढ आहे. पायऱ्या एकेक करून वाढतात, आकडे मात्र पटीत वाढतात. जो आकडे मोजत जातो तो दमतो. जो पायऱ्या चढतो तो पोचतो. नवीन प्रोसेसर आणि चांगला अल्गोरिदम यातला फरक याहून सोपा करून मला सांगता येणार नाही.

कुट्टक आणि तुमच्या ब्राउझरचं कुलूप

दुसरी पद्धत कुट्टक. कुटणं म्हणजे खलबत्त्यात घालून बारीक करणं. मोठे आकडे भागाकार करत करत बारीक करायचे आणि मग उलटं वर येत उत्तर जुळवायचं. ही पद्धत आर्यभटांनी ४९९ साली दिली. भास्कराचार्यांनी ती लीलावतीत आणि बीजगणितात उदाहरणांसकट शिकवली.

एक प्रश्न: ७ ला कितीने गुणलं, की त्याला ४० ने भागल्यावर बाकी १ उरेल?

कुटायला घ्या. ४० ला ७ ने भागा, बाकी ५. ७ ला ५ ने भागा, बाकी २. ५ ला २ ने भागा, बाकी १. आता याच पायऱ्यांनी मागे येत जुळवलं की उत्तर २३ मिळतं. पडताळा घ्या: ७ गुणिले २३ म्हणजे १६१, आणि १६१ म्हणजे ४० चौक १६० अधिक १.

आता गंमत बघा. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी आरएसए नावाची कूटपद्धत तयार केली. तिच्यात दोन किल्ल्या असतात. एक सगळ्यांना दाखवायची, दुसरी लपवून ठेवायची. वरच्या छोट्या उदाहरणात ७ ही उघडी किल्ली आणि २३ ही गुप्त किल्ली. उघड्या किल्लीवरून गुप्त किल्ली काढायची कृती म्हणजे हीच कुटाकुट. खऱ्या किल्ल्यांमध्ये ४० च्या जागी सहाशेहून जास्त अंकांचा आकडा असतो. तरीही भागाकार फार लागत नाहीत. दोन आकड्यांपैकी लहान आकडा जितक्या अंकांचा, त्याच्या पाचपटीहून जास्त भागाकार कधीच लागत नाहीत.

मग हॅकरला हे का जमत नाही? कारण तो ४० सारखा आकडा त्याला माहीतच नसतो. तो काढायला एका प्रचंड संख्येचे मूळ अवयव शोधावे लागतात आणि त्यासाठी कुट्टकासारखी झटपट पद्धत आजच्या कॉम्प्युटरकडे नाही.

मग तो फॉरवर्ड खरा का?

आमच्या गावच्या ग्रुपवर दर डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाच्या आसपास, एक फॉरवर्ड फिरतो. इंटरनेटची सुरक्षा भास्कराचार्यांनीच शोधली आणि परक्यांनी ती चोरली, असं त्यात असतं. यंदा दहावीतल्या एका पोराने मला विचारलं, दादा, हे खरं का?

खरं नाही. भास्कराचार्यांनी कूटपद्धत बनवली नाही. कुट्टकाच्या मुळाशी असलेला भागाकाराचा क्रम ग्रीक गणितज्ञ युक्लिडकडेही आहे. चक्रवाल दर वेळी उत्तराला पोचतेच याची सिद्धताही भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अशा समीकरणाला नेहमी उत्तर असतंच, हे लाग्रांज यांनी १७६८ च्या सुमारास सिद्ध केलं.

पण या दुसऱ्या अर्ध्या गोष्टीसाठी फॉरवर्डची गरजच नाही. १६५७ साली फ्रान्सच्या फर्मा यांनी युरोपातल्या गणितज्ञांना जी कोडी घातली, त्यात हाच ६१ चा प्रश्न होता. बीजगणित लिहून तेव्हा पाचशे वर्षं होऊन गेली होती आणि फर्मा यांना त्याची कल्पनाही नव्हती. मला तर हे खरं चोरीच्या गोष्टीपेक्षा जास्त अभिमानाचं वाटतं. त्या पोरालाही मी हेच सांगितलं आणि वरचं ७ आणि ४० चं गणित वहीत करायला लावलं. त्याला ते पाच मिनिटांत जमलं.

लीलावती कोण होती?

लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे चुकला आणि तिची समजूत काढायला वडिलांनी ग्रंथ लिहिला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. ही कथा येते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनंतर. गोष्ट सुंदर आहे, पण तिला दंतकथा म्हणूनच ठेवा.

शेवटचं पुस्तक आणि नातवाचा मठ

११८३ साली, ६९ व्या वर्षी, भास्कराचार्यांनी करणकुतूहल लिहिलं. पंचांग करणाऱ्यांना रोजचं ग्रहगणित कमी कष्टात करता यावं, यासाठीचा हा सुटसुटीत ग्रंथ. आधीच्या ग्रंथाची लाइट आवृत्ती म्हणा ना. त्यांच्या हयातीची ही शेवटची पक्की खूण.

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारात मुख्य पंडित झाला. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी. या चांगदेवाने पाटणला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. १२०७ साली तिथल्या स्थानिक निकुंभ राजघराण्यातल्या सोइदेवाने या मठाला दान दिलं आणि त्याचा शिलालेख कोरला गेला. मजकूर बराचसा संस्कृतात, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात मठाला मिळणारे वाटे लिहिलेत, अगदी तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचं इथपर्यंत. म्हणजे गणिताचे वर्ग गावच्या बाजारपेठेच्या पैशावर आणि तेलावर चालत होते.

मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख शोधून १८६५ साली जगापुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची बरीचशी माहिती त्यातूनच मिळते. चाळीसगावला गेलात तर पाटणादेवीला नक्की जा.

अज्ञात संख्या घातांकात गेली तर?

आत्तापर्यंत अज्ञात संख्येचा वर्ग होत होता. तीच घातांकात बसवली तर खेळ आणखी अवघड होतो. १९१३ साली रामानुजन यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात असा प्रश्न टाकला. ही १९०७ ची संस्था, सुरुवातीच्या काळात हिचं ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. प्रश्न असा: २ चा कितवा घात घेऊन त्यातून ७ वजा केले की पूर्ण वर्ग उरतो? ३ रा, ४ था, ५ वा, ७ वा आणि १५ वा घात चालतो. १५ वा घात ३२,७६८. त्यातून ७ गेले की ३२,७६१, म्हणजे १८१ चा वर्ग. यापुढे आणखी आहेत का?

फोन कितीही पुढे तपासत गेला तरी नाही असं कधीच म्हणू शकत नाही, कारण घात संपतच नाहीत. १९४८ साली नॉर्वेचे गणितज्ञ ट्रिग्वे नागेल यांनी सिद्ध केलं की ही पाचच उत्तरं आहेत.

मग कुठलंही समीकरण दिलं तर त्याला पूर्णांक उत्तर आहे की नाही, हे सांगणारं एकच ॲप बनवता येईल का? घातांकात अज्ञात असलेल्या समीकरणांसाठी ते अशक्य आहे, हे डेव्हिस, पुटनम आणि ज्युलिया रॉबिन्सन यांनी १९६१ साली दाखवलं. १९७० मध्ये रशियाच्या युरी मातियासेविच यांनी साध्या समीकरणांसाठीही तेच सिद्ध केलं. या सिद्धतेचं जे रूप आज सहसा शिकवतात, त्यात घातांकी समीकरणांपासून साध्या समीकरणांपर्यंतचा पूल बांधायला भास्कराचार्यांच्याच जातीचं समीकरण वापरतात, कारण त्याची उत्तरं पटीत वाढतात. २, ३, १२, १७, ७०, ९९ वाली तीच वाढ.

भारताने १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या उपग्रहांना भास्कर हे नाव दिलं. आमच्या येडगावजवळच्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेना असलेली ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आकाश ऐकत असते. पण भास्कराचार्य समजून घ्यायला एवढ्या लांब जायची गरज नाही. एक वही घ्या आणि ६१ च्या जागी १३ ठेवून चक्रवाल फिरवा. सुरुवात ४ आणि १ पासून करा, फरक ३ येईल. शेवटी छोटी संख्या १८० आणि मोठी ६४९ आली, तर समजा की आठशे वर्षांपूर्वीचा अल्गोरिदम तुमच्या हातात नीट चालतोय.